लेश्मानिया मॅक्रोफेजमध्ये कसा टिकतो?

सँडफ्लाय ही इवलीशी माशी चावली की तिच्यातून लेश्मानिया नावाचा परजीवी आपल्या शरीरात येऊ शकतो. काळा आजार याच्याच एका जातीमुळे होतो. नवल म्हणजे तो मॅक्रोफेजमध्ये राहतो. जंतू गिळून मारणं हे ज्या पेशीचं काम, तीच याचं घर! मग ती त्याला मारत का नाही?

मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर सीडी-४० नावाचं प्रथिन असतं. टी-पेशी त्याला येऊन चिकटते, हाच 'कामाला लागा' असा निरोप. पण टी-पेशी राहते बाहेर. निरोप आत नेतात काइनेज.

काइनेज हे एक प्रकारचं एन्झाइम. एटीपीमधला फॉस्फेट काढून ते दुसऱ्या प्रथिनाला जोडतं. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असल्याने त्या प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते जागं होतं. हे जागं झालेलं प्रथिन बऱ्याचदा स्वतःच काइनेज असतं, मग ते पुढच्याला जागं करतं. एक काइनेज खालच्या अनेकांना उठवू शकतं, त्यामुळे बारीकसा निरोपही वाटेत मोठा होतो. काम झालं की फॉस्फटेज हे एन्झाइम फॉस्फेट काढून घेतं. हे नसतं तर साखळी चालूच राहिली असती.

आता पुण्यातलं काम बघू. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भास्कर साहा आणि सहकाऱ्यांनी सीडी-४० चा निरोप आत कुठे जातो ते तपासलं. त्यांचा निबंध २००४ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. आत दोन साखळ्या निघाल्या. पी-३८ या काइनेजची साखळी चालली, तर मॅक्रोफेज परजीवी मारणारा नायट्रिक ऑक्साइड बनवतो. ईआरके या काइनेजची चालली, तर इंटरल्यूकिन-१० तयार होतं आणि पेशी थंडावते. शिवाय या दोघी एकमेकींना दाबतात. निरोप एकच, परिणाम उलटे!

लेश्मानियाने नेमकं हेच हेरलंय. संसर्ग झालेल्या पेशीत पी-३८ मंदावतं, पारडं ईआरकेकडे झुकतं. उंदरांमध्ये ईआरके अडवल्यावर पी-३८ पुन्हा कामाला लागलं आणि परजीवी कमी झाले.

मग ईआरके बंद करणारी गोळी का देऊ नये? इतकं सोपं नाही ते. शरीरातल्या इतर असंख्य पेशींना विभाजनासाठी हेच ईआरके लागतं.