पाच टनांचा आस

माढा तालुक्यात उसाचं बोलणं निघालं की कुणी किलोत बोलत नाही, क्विंटलमध्येही नाही. ‘एकरी साठ बसला’, ‘यंदा सत्तरच्या पुढं गेला’, एवढंच. टन हा शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही. गंमत म्हणजे केंद्र सरकार उसाचा दर जाहीर करतं तो क्विंटलला. २०२५-२६च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला ३५५ रुपये. शिवारात पोचेपर्यंत या आकड्याला एक शून्य चिकटलेलं असतं आणि पारावर चर्चा होते ती साडेपस्तीसशेची. कारखान्याची गाळप क्षमता टनात, ट्रॅक्टरवाल्याचं भाडं टनात, तोडणीची मजुरी टनात. कुर्डुवाडीच्या पंचक्रोशीत इतकं घरचं झालेलं हे माप मुळात वजनाचं नव्हतंच. ते एका पिंपाचं नाव होतं.

जुन्या इंग्रजीत ‘टुन्ने’ म्हणजे मोठं लाकडी पिंप. त्याचीच पुढं दोन स्पेलिंगं झाली, एक पिंपासाठी आणि एक वजनासाठी. उच्चार मात्र दोन्हींचा टनच. ११५२ साली दुसऱ्या हेन्रीचं लग्न ॲक्विटेनच्या एलिनॉरशी झालं आणि बोर्दोचा मुलूख इंग्लंडच्या राजघराण्याकडं आला. तिथली वाइन जहाजं भरभरून इंग्लंडला जाऊ लागली. एका पिंपात २५२ वाइन-गॅलन, म्हणजे आजच्या हिशेबात साडेनऊशे लिटरच्या थोडं वर. वाइन आणि लाकूड मिळून भार हजार किलोपलीकडं जायचा. जहाज किती मोठं, तर त्यात किती पिंपं मावतात. शंभर पिंपं मावली की ते शंभर टनांचं जहाज. भार नंतर आला, आधी जागा होती.

राजाची नजर जाणारच. आयात वाइनवर पिंपामागं कर बसला, त्याचं नाव ‘टनेज’. १६२५ साली पहिला चार्ल्स गादीवर आला तेव्हा हा कर प्रथेप्रमाणं त्याला तहहयात मिळायला हवा होता, पण पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहानं एकाच वर्षासाठी देऊ केला. चार्ल्सनं मुदतीनंतरही वसुली चालूच ठेवली. पुढं राजा आणि पार्लमेंट एकमेकांवर शस्त्र धरून उभे राहिले, त्यामागच्या तक्रारींच्या यादीत हा कर होता. आपल्याकडं कृषी प्रदर्शनात ‘एकरी शंभर टन टनेज’ असे फलक झळकतात, तो शब्द असा करवसुलीच्या घरातला आहे.

पिंपाचं वजन कधी तरी नक्की करणं भाग होतं. इंग्रजांनी २२४० पौंड धरले. आकडा विचित्र वाटतो. पण चौदा पौंडांचा एक स्टोन, आठ स्टोनचा एक हंड्रेडवेट, वीस हंड्रेडवेटचा टन, अशी ती चढण आहे. अमेरिकेनं कटकट नको म्हणून २००० पौंडांचा केला. मेट्रिक टन हजार किलोचा. इंग्रजी टन त्याहून सोळा किलो जड. जहाजवाल्यांनी जागेचा हट्ट सोडला नाही. १८५४च्या ब्रिटिश कायद्यानं शंभर घनफूट म्हणजे एक नोंदणी-टन ठरवला, त्यात कापूस भरा नाहीतर लोखंड. दुकानात आपण दीड टनाचा एसी मागतो तेव्हा तर मोजतो बर्फ. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खेचणारं यंत्र एक टनाचं.

आपल्याकडं टनाला जोडीदार होती खंडी. वीस मणांची एक खंडी, पण मण कोणता हे आधी विचारावं लागे. मुंबईचा मण २८ पौंडांचा. त्याच्या खंडीचे ५६० पौंड भरत, म्हणजे चार खंड्या झाल्या की बरोबर एक इंग्रजी टन. कापसाची खंडी मात्र वेगळी, ७८४ पौंडांची, आणि ती अजून मेलेली नाही. कापूस बाजारात आजही भाव निघतो तो ३५५.६२ किलोच्या खंडीला. ते तेच ७८४ पौंड. रेल्वेनं धरलेला मण चाळीस शेरांचा, ८२ पूर्णांक दोन सप्तमांश पौंडांचा. त्या हिशेबानं एक टन म्हणजे २७ पूर्णांक दोन नवमांश मण. गुणाकार करून पाहावा, पौंडाचाही फरक येत नाही. हा हिशेब ज्या माल-बाबूंनी रोज तोंडी केला असेल, त्यांच्याबद्दल मला भारी आदर वाटतो. १९५८च्या ऑक्टोबरपासून दशमान पद्धत टप्प्याटप्प्यानं आली आणि शेर-मण कागदावरून गेले. बोलण्यातली खंडी उरली. ‘खंडीभर पाहुणे’ म्हणताना कुणी वीसपर्यंत मोजत नाही, जसा इंग्रजही ढीगभर कामाला टन म्हणताना तराजू काढत नाही.

कुर्डुवाडीला टन आला तो मात्र तोलूनमापून. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेची मुंबईहून निघालेली लाईन १८६०मध्ये सोलापूरला पोचली. बार्शीसारखी मोठी बाजारपेठ या लाईनपासून पस्तीस किलोमीटर बाजूला राहिली. म्हणून कुर्डुवाडीच्या स्टेशनचं नाव होतं ‘बार्शी रोड’. तिथून पुढं बैलगाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली जीआयपीत नोकरीला आला आणि हा तुटका तुकडा त्याच्या डोक्यात बसला. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी नोंदवली गेली, १८९७ साली गाडी धावली.

लोकांना आठवतो तो तिचा अडीच फुटी गेज. माझ्या मते कॅलथ्रॉपची खरी करामत गेजमध्ये नव्हती, आसात होती. रुळावर भार पडतो तो चाकांच्या जोडीतून, म्हणजे आसातून. सगळ्यांत जड इंजिनाचा आस रुळाची जाडी ठरवतो आणि उरलेले हलके डबे त्या महागड्या रुळावरून उगाच धावतात. कॅलथ्रॉपनं उलटं केलं. यार्डामागं जेमतेम तीस पौंड वजनाचा हलका रूळ धरला आणि नियम केला: इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. इंजिनाला ताकद हवी, ताकदीला वजन हवं. तर आस वाढवा. लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधलेल्या पहिल्या इंजिनांना चार जोडलेले आस आणि मागं आणखी दोन. चार आसांच्या मालडब्याला डबा आणि माल मिळून वीस टनांची मुभा. म्हणजे डबा जितका हलका, तितका माल जास्त. म्हणून दाबून घडवलेल्या पोलादाच्या चौकटी. छोट्या गाडीनं मोठं ओझं वाहिलं ते असं. हाच माणूस पुढं विमानातून उडी मारण्याच्या छत्र्या बनवण्यात गुंतला, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. कशावर किती भार पेलेल, हाच त्याचा आयुष्यभराचा प्रश्न होता.

लाईन वाढत गेली. १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर, १९२७ साली मिरज. वारीच्या दिवसांत मालाच्या डब्यांतूनही माणसं जात. १ जानेवारी १९५४ला सरकारनं रेल्वे ताब्यात घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकात एकेक तुकडा ब्रॉडगेज होत गेला आणि अडीच फुटी गाडी गेली. आज देशातल्या ब्रॉडगेज मालडब्यांच्या एका आसाला सर्वसाधारणपणे २२.९ टनांची परवानगी आहे, कॅलथ्रॉपच्या साडेचारपट. २८ डिसेंबर २०२० रोजी शेतमाल वाहणारी शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. हे सांगोला स्टेशन जुन्या बार्शी लाईटच्याच मार्गावरचं.

या सगळ्या फेऱ्यात एक गोष्ट दिसते. टन ठरवला तो नेहमी माल घेणाऱ्यानं, वाहणाऱ्यानं किंवा कर बसवणाऱ्यानं. द्राक्षं पिकवणाऱ्या बोर्दोच्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. उसाचंही तेच आहे. उजनी धरण झालं, ११७ टीएमसी पाणी अडलं आणि ज्वारीच्या या मुलखात ऊस शिरला. सोबत तोडणीच्या टोळ्या आल्या. त्यांची मोजदाद वेगळीच असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागं आणि ती फिटते टनामागं. २०२४च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही टनावरच. पण फडात टन दिसत नाही. तिथं मोळी असते. वाढं छाटायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून तोल सावरत वर चढायचं. कुणाच्या मोळीत किती किलो, हे फडात कुणीच मोजत नाही.

वजन होतं कारखान्याच्या काट्यावर. म्हणून ऊसपट्ट्यात ‘काटामारी’, म्हणजे वजनातली चोरी, हा शब्द लहान पोरांनाही ठाऊक असतो आणि दर हंगामात शेतकरी संघटनांच्या मागण्यांत काटा येतोच. रांगेत नंबर लागेपर्यंत ऊस वाळत राहतो, घट येते. मग भरलेली गाडी काट्यावर जाते, आकडा नोंदला जातो. गाडी गव्हाणीवर रिकामी होते, परत काट्यावर येते, रिकामं वजन होतं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे निव्वळ टन. शेतकऱ्याचं बिल, वाहतुकीचं भाडं, मुकादमाचं कमिशन, कोयत्याची मजुरी, सगळं त्या एका आकड्यावर. आणि तो आकडा पावतीवर उमटतो तेव्हा ऊस गव्हाणीतून पुढं चरकात गेलेला असतो. फेरमोजणी मागायची म्हटली तरी काट्यावर ठेवायला काही उरलेलं नसतं.