विकत घेतले, पण कुणाचे झाले?

आपल्याकडे नवे भांडे घेतले की त्यावर नाव घालून घेण्याची रीत होती. दुकानातला माणूस नाव कोरण्याचे यंत्र सुरू करी, दात आंबतील असा आवाज होई आणि पातेल्याच्या काठावर नाव व तारीख उमटे. कितीतरी घरांत पणजीच्या नावाचा पितळी डबा अजून फळीवर असतो. पैसे मोजले, वस्तू आपली झाली. मग ती वापरा, शेजारणीला उसनी द्या, लेकीला सासरी पाठवताना द्या, नाहीतर मोडीत घाला. विकत घेणे म्हणजे काय, हे समजावून सांगायला वकील लागत नसे.

आता लागतो! माझ्या भाच्याच्या संगणकावर दोनशेच्या वर खेळ आहेत. सगळे पगारातून घेतलेले. गेल्या सुट्टीत तो मोठ्या कौतुकाने ती यादी दाखवू लागला, तेव्हा मी सहज म्हटले,

"यातला एखादा तुझ्या मित्राला दे की महिनाभर."

"तसा देता येत नाही, मामा."

"मग खेळून कंटाळलास तो वीक."

"विकताही येत नाही."

"बरं, पुढे तुझ्या मुलांना तरी मिळतील ना?"

"करारात तसं बसत नाही," तो हसत म्हणाला.

"मग विकत घेतलंस म्हणजे नक्की काय केलंस रे?"

या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते आणि माझ्यापाशी तर नव्हतेच. म्हणून मी ते शोधत बसलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण हा प्रश्न केवळ पोरांच्या खेळांचा नाही.

घोड्याचे चिलखत

हे खेळही एके काळी भांड्यांसारखेच होते. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या त्या चौकोनी कॅसेटी नव्वदीच्या दशकातल्या मुलांना आठवत असतील. चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची! मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची सर्रास अदलाबदल चाले. मागून तबकड्या आल्या. त्याही हातात धरता येत. मग इंटरनेट आले आणि वस्तू नाहीशी होऊन खेळ तेवढा राहिला.

त्याबरोबर एक नवा धंदा उभा राहिला. मूळ खेळ घेतल्यावर वेगळे पैसे देऊन डाउनलोड करून घ्यायची जी भर, तिला डीएलसी म्हणतात. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने आपल्या 'ऑब्लिव्हियन' या खेळातल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढले. किंमत अडीच डॉलर. खऱ्या पैशांत खोट्या घोड्याचे चिलखत! लोकांनी यथेच्छ टिंगल केली आणि टिंगल करता करता ते घेतलेही. तेव्हापासून खेळातले पोशाख, गाड्या, शस्त्रे आणि नवे प्रदेश यांचा बाजार वाढतच गेला.

सगळीच भर फसवी असते असे मात्र नव्हे. पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्टने २०१६ साली 'विचर ३' या खेळासाठी 'ब्लड अँड वाइन' ही पुरवणी काढली, तिच्यात एक संपूर्ण नवा प्रांत होता. असे काही मिळत असेल तर पैसे द्यायला कुणाची हरकत? हरकतीची गोष्ट निराळी. पुरवणी मूळ खेळाच्या आधाराने उभी असते. झाड पडले की त्यावरचे घरटेही गेले.

झाड पडले ते असे

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये 'द क्रू' नावाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ आणला. त्यात अख्खी अमेरिका लहान करून बसवली होती. न्यूयॉर्कहून निघावे, वाळवंट-डोंगर ओलांडावेत आणि पश्चिम किनारा गाठावा. शर्यत न लावता नुसते भटकायलाही लोक त्यात जात. २०१५ आणि २०१६ साली त्याच्या दोन मोठ्या पुरवण्याही निघाल्या.

या खेळाची एक अट होती. एकट्याने खेळायचे असले तरी कंपनीच्या सर्व्हरशी संधान हवेच. १४ डिसेंबर २०२३ रोजी कंपनीने त्याची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले. त्यासरशी ती अमेरिका मिटली. कपाटात तबकडी होती, तीही निकामी झाली. एवढ्यावर थांबते तरी बरे! एप्रिलमध्ये तो खेळ लोकांच्या खात्यांतूनच काढून घेतला जाऊ लागला. अलीकडेच ज्यांनी घेतला होता त्यांना पैसे परत देऊ केले. वर्षांपूर्वी घेणाऱ्यांच्या वाट्याला एक निरोप आला.

नऊ वर्षे एखादा माणूस रोज संध्याकाळी ज्या रस्त्यावरून जात होता, तो रस्ताच राहिला नाही. खेळ म्हणून हसण्यावारी नेण्याजोगे हे नाही. त्याने तो फुकट पाहिला नव्हता, पदरचे पैसे मोजले होते.

८९ सेंटची कादंबरी

आता कायदा काय म्हणतो? यासाठी थोडे मागे जायला हवे. अमेरिकेत बॉब्स-मेरिल या प्रकाशकाने आपल्या एका कादंबरीत छापले की, हे पुस्तक एका डॉलरहून कमी किमतीला कुणी विकले तर आमच्या हक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ साली निकाल लागला, की प्रत एकदा विकली की पुढच्या विक्रीवर प्रकाशकाची सत्ता नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, पुस्तकाच्या ज्या प्रती आधीच लोकांत फिरत आहेत त्या या हक्कातून वगळल्या आहेत. फुटपाथवरचा जुन्या पुस्तकांचा व्यवहार चालतो तो या तत्त्वावर. हा दिवाळी अंकच घ्या ना! तो तुम्ही शेजारी द्याल, वाचनालय तो पन्नास घरी फिरवील आणि शेवटी तो रद्दीत जाईल. संपादक काही तुमच्या घरी येऊन तो परत मागणार नाहीत.

डिजिटल वस्तूंनी यातून वाट काढली ती एका शब्दाने. तो शब्द म्हणजे परवाना. स्टीम हे संगणकावरील खेळांचे फार मोठे दुकान. त्याचा करार मी वाचायला घेतला. त्यात स्पष्ट लिहिले आहे की, येथे वस्तू विकली जात नाही, वापरण्याचा परवाना मिळतो. आणि खाते दुसऱ्याला विकता वा देता येत नाही. लपवाछपवी काही नाही. फक्त दुकानाच्या पाटीवर 'विकत घ्या' आणि आतल्या कागदावर 'वापरू देतो', एवढाच काय तो फरक!

हे पुस्तकांनाही चुकलेले नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने काही वाचकांच्या किंडलवरून विकलेली दोन पुस्तके परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्यापाशी हक्क नव्हते, हे कारण खरे होते. पैसेही परत केले आणि मागून माफीही मागितली. पण पुस्तके कोणती होती? जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म'. सत्तेने कागदोपत्री भूतकाळ पुसून टाकण्याची गोष्ट सांगणारे पुस्तकच पुसले गेले! याहून मार्मिक विनोद कुणाला सुचला असता?

न्यायालयांचेही यावर एकमत नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१२ साली डाउनलोड केलेले सॉफ्टवेअर पुन्हा विकता येईल म्हटले. २०१९ साली ई-पुस्तकांना मात्र तो न्याय लावला नाही. पॅरिसमध्ये २०१९ साली खेळ विकणाऱ्या ग्राहकांच्या बाजूने निकाल लागला आणि २०२२ साली अपिलात तो फिरला.

पागडीपेक्षाही वाईट

मुंबईकराला हे पागडीच्या उदाहरणाने चटकन कळेल. गिरगावातली पागडीची खोली पुरती मालकीची नसते, पण नुसती भाड्याचीही नसते. मालकाचा हिस्सा देऊन ती दुसऱ्याला देता येते, मुलाबाळांकडे राहते आणि मालकाच्या मनात आले म्हणून उद्या कुलूप लागत नाही. खेळ घेणाऱ्याने पागडी भरली आहे, पण हातात पावती मात्र लॉजमधल्या खोलीची आहे.

आपल्याकडच्या मुलांनी याची चव घेतली आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला त्याचे सर्व्हर बंद झाले. कारण देशाच्या सुरक्षिततेचे होते. पण खाऊच्या पैशांतून घेतलेले पोशाख आणि बंदुकांचे रंग एका रात्रीत कुलपात गेले. जुलै २०२१ मध्ये भारतीय अवतार आला आणि जुने सामान तिकडे नेण्याची सोय काही काळ मिळाली. म्हणजे मिळाले ते कंपनीच्या मर्जीने. हक्काने काही नव्हे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. सर्व्हर चालवायला खर्च येतो, खेळातल्या खऱ्या मोटारींच्या छबीचे परवाने संपतात, आणि दहा माणसांसाठी दिवा जळत ठेवा असे कुणाला सांगणार? हे पटण्यासारखे आहे. पण सर्व्हर कायम चालवा अशी मागणीच मुळी नाही. रॉस स्कॉट या यूट्यूबवरच्या गृहस्थांनी २०२४ साली जी चळवळ उभारली, तिचे म्हणणे इतकेच, की बंद करताना खेळ चालण्याजोग्या स्थितीत सोडून जा. दुकान बंद करा, पण विकलेली भांडी फोडून जाऊ नका. युरोपात त्यांच्या निवेदनाने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. आणि हे अशक्यही नाही. आरडाओरड झाल्यावर युबिसॉफ्टनेच 'द क्रू'च्या पुढच्या भागांना इंटरनेटशिवाय चालण्याची सोय देण्याचे सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले, आणि 'द क्रू २'ला ती २०२५ साली मिळालीही.

कॅलिफोर्नियाने तर शब्दालाच हात घातला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे केवळ परवाना देत असाल, तर तसे स्पष्ट सांगितल्यावाचून 'विकत घ्या' असे लिहिता येत नाही. कायद्याने खेळ वाचत नाहीत, पण निदान पाटी तरी खरी होते.

नुकसान केवळ ग्राहकाचे नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिले, की २०१० पूर्वी तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. बोलपटाच्या सुरुवातीच्या काळातले आपले कितीतरी चित्रपट असेच हातचे गेले. तेव्हा जपणूक झाली नाही. आता ज्याला जपायचे आहे त्याच्याही हातात काही राहत नाही.

मग माणसाने खेळ घेऊच नयेत काय? जरूर घ्यावेत. मात्र घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. इंटरनेट नसताना हा चालतो का? याची प्रत माझ्यापाशी ठेवता येते का? दुकान उद्या बंद झाले तर माझे काय? जीओजीसारखी काही दुकाने खेळाची संपूर्ण प्रत उतरवून ठेवू देतात. तिथे मिळत असेल तर तिथून घ्यावा. आणि तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर खुशाल भाडे समजून पैसे द्यावेत, पण भाड्याइतकेच. मालकीची किंमत मोजायची आणि बिऱ्हाडकरू म्हणून राहायचे, हा सौदा आपल्या आजीने एका भांड्यासाठीदेखील केला नसता.