हॉटेलातला नोकर, पडद्यावरची तारामती

भारतीय चित्रपटाच्या पहिल्या नायिकेचं नाव अण्णा साळुंके. होय, अण्णा! 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळके तारामती शोधत होते आणि सिनेमात उभं राहायला एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा सडपातळ, नाजूक हातांचा तरुण त्यांच्या नजरेस पडला. हॉटेलात महिना 10 रुपये मिळायचे, फाळक्यांनी 15 देऊ केले, असं सांगतात. सौदा पटला. पुढे अडलं ते मिशीवर. बायकांची कामं करायला घेतलेले पुरुष मिशी उतरवायला तयार नव्हते, कारण मिशी काढायची ती वडील गेल्यावर! बरीच मनधरणी झाली आणि मग कुठे वस्तरे फिरले. राजपुत्र रोहिदासाचीही तीच गत. गोष्टीत मरणाऱ्या पोराच्या कामासाठी आपला मुलगा कोण देणार? फाळक्यांनी स्वतःचा भालचंद्र उभा केला.

साळुंक्यांची खरी करामत 1917 च्या 'लंकादहन'मध्ये आहे. त्यात राम तेच आणि सीताही तेच. सीतेच्या दंडाचे स्नायू कधीकधी दिसायचे म्हणे, पण थिएटरात रामाचं दर्शन झालं की प्रेक्षक पायातल्या चपला काढून ठेवत. हेच साळुंके पुढे कॅमेऱ्यामागे गेले आणि छायाचित्रणकार झाले. हॉटेलच्या नोकरीपासून कॅमेऱ्यापर्यंतचा हा प्रवास एका स्वतंत्र चित्रपटाचा विषय आहे, असं मला मनापासून वाटतं.

आई पार्वती, लेक मोहिनी

फाळक्यांना बाई मिळाली ती 'राजा हरिश्चंद्र'च्याच वर्षी, आणि एक नव्हे तर दोन. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन मुलगी कमला झाली मोहिनी. या कमलाबाई गोखले म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. 'पडद्यावरच्या पहिल्या स्त्रियांपैकी एक' एवढ्यावर त्यांची ओळख आटोपते, ते मला पटत नाही. नवरा लवकर गेला. तीन मुलं पदरात. बाईंनी रंगभूमीवर उभं राहून घर चालवलं, गरज पडली तेव्हा पुरुषांच्या भूमिकाही केल्या. साळुंक्यांनी लुगडं नेसलं, कमलाबाईंनी पुरुषवेष चढवला; हिशेब चुकता! 1980 च्या 'गहराई'तही त्या दिसतात. मूकपटापासून रंगीत भयपटापर्यंत एकच बाई.

फाळक्यांच्या घरातला आणखी एक चेहरा म्हणजे मुलगी मंदाकिनी. 1919 च्या 'कालिया मर्दन'मधला कृष्ण तिनेच केला. चित्रपटाच्या सुरुवातीला ही चिमुरडी कॅमेऱ्याकडे बघून राग, रडू, हसू असे एकापाठोपाठ एक भाव करून दाखवते. तो तुकडा आजही उपलब्ध आहे. जरूर पाहा.

बोलपटाचा न बोलणारा नायक

14 मार्च 1931. मुंबईचं मॅजेस्टिक थिएटर. 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट. नायक मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेला हा गडी पडद्यावर प्रथम दिसला तो 'कल्याण खजिना'त नाचणारीच्या वेषात. पण पुढे तलवारबाजी आणि उड्या यांच्या जोरावर मूकपटाचा एवढा मोठा तारा झाला, की लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले.

'आलम आरा'च्या वेळी तो शारदा कंपनीशी करारबद्ध होता. करार मोडला म्हणून शारदाने त्याला कोर्टात खेचलं. विठ्ठलच्या बाजूने कोण उभं राहिलं? बॅरिस्टर महंमद अली जीना! खटला विठ्ठलने जिंकला. आता गंमत बघा: एवढी लढाई करून मिळवलेल्या बोलपटात त्याच्या तोंडी संवाद अगदी मोजके. उर्दू उच्चार जमेनात, म्हणून नायक बराच वेळ गुंगीत असल्याचं दाखवलं गेलं. 'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाही, त्यामुळे ही गुंगी कशी वठली होती ते आपल्याला कधीच पाहता येणार नाही. मला याची फार हळहळ वाटते.

प्रभातच्या फाटकाशी

प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' (1936) म्हटलं की विष्णुपंत पागनीस आठवतात. नाटकात स्त्रीभूमिका करणारा हा नट संत म्हणून शोभेल का, अशी आधी शंका होती. पण मला त्या चित्रपटात पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते ती जिजाई, म्हणजे गौरी. गौरी ही प्रभात स्टुडिओतली साधी कामगार बाई. पोर आजारी पडल्यावर तीच जिजाई चप्पल घेऊन थेट विठोबावर धावून जाते. इतका खरा संताप भल्याभल्या तालीमबाज नटींना जमला नसता.

प्रभातची दुसरी वाघीण शांता आपटे. 'कुंकू'त (1937) म्हाताऱ्या नवऱ्यापुढे न झुकणारी नीरा. तिने या चित्रपटात लाँगफेलोची इंग्रजी कविताही गायली. 1939 मध्ये कराराच्या वादातून बाई प्रभातच्याच फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुढच्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक लिहून त्यांनी या धंद्याची आतली बाजू मांडली. नटीने मालकाविरुद्ध उघड उभं राहायचं, तेही त्या काळात! हिंमत लागते.

'माणूस'मधली (1939) मैना केली हुबळीकडच्या शांता हुबळीकरांनी. त्यातल्या ज्या बहुभाषिक गाण्यामुळे त्या घराघरात पोचल्या, त्याचंच नाव त्यांनी म्हातारपणी आत्मचरित्राला दिलं.

नगरचे शाहू मोडक धर्माने ख्रिस्ती, आणि पडद्यावर कृष्ण झाले 29 वेळा! वर 1940 चे ज्ञानेश्वरही तेच. 'औट घटकेचा राजा'त (1933) दुहेरी भूमिकाही करून मोकळे झाले होते. 'ब्रह्मचारी'त (1938) पोहण्याच्या पोशाखात येऊन खळबळ उडवणाऱ्या मीनाक्षी शिरोडकर? नम्रता आणि शिल्पा शिरोडकरांच्या आजी.

रविवार सकाळचं घरगुती रामायण

आता दूरदर्शनकडे. 1987 च्या 'रामायण'मधले दशरथ आणि कौसल्या आठवतात? बाळ धुरी आणि जयश्री गडकर, प्रत्यक्षातही नवरा-बायको. जयश्रीबाईंनी सुरुवात केली होती ती समूहनृत्यातल्या मुलींमध्ये. भरत म्हणजे आपला संजय जोग, मराठीतला देखणा नट. 1995 मध्ये, जेमतेम चाळिशीत तो गेला. आणि जनक झालेले मूळराज राजडा यांचा मुलगा समीर होता शत्रुघ्न. घरी बाप-लेक, मालिकेत चुलतसासरे-जावई!