समुद्राच्या पेढीतील कर्बाची ठेव

पुणेकराला समुद्र पाहायचा तर घाट उतरून जावे लागते. त्यामुळे समुद्राशी आपला संबंध काय तो पावसापुरता, अशी आपली समजूत असते. परंतु आपल्या स्वयंपाकघरातला गॅस, रस्त्यावरची मोटार, विजेसाठी जाळलेला कोळसा या सर्वांतून जो कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, बाहेर पडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र दरवर्षी मुकाट्याने पोटात घेतो. हवेत आज जेवढा कर्ब आहे त्याच्या जवळजवळ पन्नासपट समुद्रात साठलेला आहे. मग साहजिकच विचार येतो, की एवढी मोठी पेढी शेजारी असताना हवेतला जादा कर्ब मुद्दाम तिच्यातच का ठेवू नये?

हा विचार निघण्याला कारणही तसेच आहे. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ साली हवेतील कर्बवायूची नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. नवा धूर कमी करणे हा उपाय तर आहेच. पण जो वायू हवेत जाऊन बसला आहे, तो काढून घेण्याचीही वाट काही शास्त्रज्ञ शोधीत आहेत.

समुद्र कर्ब साठवतो कसा, ते आधी पाहू. एक रीत सोडावॉटरच्या बाटलीची. गार पाण्यात वायू जास्त विरघळतो, कोमट झाले की निसटतो. दुसरी रीत जिवंत आहे. समुद्राच्या वरच्या उजेडाच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. शेतातल्या पिकाप्रमाणेच त्या कर्ब घेऊन वाढतात. पुढे त्यांतल्या बहुतेक खाल्ल्या जातात, आणि खाणाऱ्याच्या श्वासावाटे तो कर्ब पुन्हा पाण्यात व हवेत येतो. थोडा भाग मात्र खोल तळाकडे जातो. तेथले पाणी वर यायला शेकडो वर्षे लागतात. म्हणजे वर राहिला तो कर्ब चालू खात्यातला, आणि खोल गेला तीच खरी मुदतठेव. हा फरक नीट ध्यानात ठेवावा. पुढचा सारा वाद त्यावरच आहे.

आता आपल्याकडच्या उसाचे उदाहरण घ्या. चुनखडीच्या जमिनीत नत्र, स्फुरद भरपूर असूनही लोह मिळाले नाही की उसाचे पान पांढरट पडते. शेतकरी त्याला केवडा पडला म्हणतो आणि हिराकसाची फवारणी करतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराची स्थिती अगदी अशीच आहे. नत्र आहे, स्फुरद आहे, पण लोह नाही. म्हणून प्लवकांचे पीक बेताचे. तेथे लोह पुरवले तर पीक वाढेल आणि हवेतला कर्ब ओढला जाईल, ही कल्पना जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात जोराने मांडली.

या कल्पनेची एक मोठी परीक्षा आपल्या देशाने घेतली आहे. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून २००९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये 'लोहाफेक्स' नावाचा प्रयोग केला. नावातला 'लोहा' आपलाच. डॉ. वाजिह नक्वी व डॉ. व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे प्रमुख होते, आणि 'पोलारस्टर्न' जहाजावरील शास्त्रज्ञांत निम्म्याहून अधिक भारतीय होते. जहाज केपटाऊनहून निघाल्यावरच वाद पेटला. २००८ साली बॉन येथील जैवविविधता परिषदेत समुद्राला असे खत घालण्यावर निर्बंध घालण्याचे ठरले होते. हा प्रयोग त्याविरुद्ध आहे, असा पर्यावरणवाद्यांचा आक्षेप होता. जर्मन सरकारने काम थांबवले, आणि तपासणीअंती जानेवारीअखेर परवानगी दिली.

मग एका मोठ्या भोवऱ्याच्या पोटात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यावर हिराकस विरघळवून सोडण्यात आले. शिवाजीनगरपासून निगडीपर्यंतचे अंतर धरून चौकोन आखला तर साधारण एवढे क्षेत्र होईल. दोन आठवड्यांत प्लवकांचे पीक दुप्पट झाले. मात्र नंतर वाढ खुंटली. आपल्या जवळ्याच्या दूरच्या नात्यातले बारीक कवचधारी जीव त्या पिकावर तुटून पडले, आणि त्यांना खाणारे आणखी मोठे जीवही आले. पिकाचा कर्ब वरच्यावर फिरत राहिला. खोल गेला तो फारच थोडा.

असे का व्हावे? डायॅटम नावाच्या प्लवकांना सिलिकेचे कवच असते. त्यांना खाणे अवघड, आणि ते जड असल्याने बुडतात. लोहाफेक्सच्या पाण्यातली सिलिका आधीच्या नैसर्गिक पिकांनी संपवून टाकली होती, म्हणून तेथे मऊ, खाण्याजोगे प्लवक वाढले. याउलट २००४ साली याच जहाजावरून सिलिका असलेल्या पाण्यात केलेल्या प्रयोगात पिकाचा निम्म्याहून अधिक भाग हजार मीटरखाली गेल्याचे आढळले. एवंच, लोह टाकले की कर्ब बुडाला, असे सरसकट म्हणता येत नाही.

मग आपल्या अरबी समुद्रात हा उद्योग करावा काय? येथे फार सावध राहिले पाहिजे. मोसमी वाऱ्यांनी खोलचे कर्बयुक्त पाणी वर येते, त्यामुळे अरबी समुद्र एकंदरीत कर्बवायू घेण्यापेक्षा देतोच जास्त. त्याच्या मधल्या थरांत प्राणवायू आधीच अत्यल्प आहे. तेथे आणखी सडणारे पीक लोटले तर उरलासुरला प्राणवायू संपेल, मासळीला धोका होईल, आणि नायट्रस ऑक्साइड हा वायू वाढेल. तो वजनावारी कर्बवायूच्या शेकडोपट उष्णता धरतो. उजव्या हाताने ठेवलेले डाव्या हाताने दामदुप्पट परत द्यावे, तसा हा व्यवहार होईल.

शिवाय ही पेढी स्वतःच तापते आहे. पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवून दिले, की पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पतिप्लवक मागील सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले असावेत. वरचे पाणी तापले की ते हलके होऊन वरच राहते, आणि खालची अन्नद्रव्ये वर येत नाहीत.

दुसरा एक मार्ग दगडाचा आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कर्बवायू सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाशी हळूहळू संयोग पावतो. तो क्षाररूपाने मुठा, भीमा, कृष्णा अशा वाटेने बंगालच्या उपसागरात जातो. विहिरीचे जड पाणी तापवून बंबात पांढरा थर धरतो, तो अशाच क्षारांचा. हे काम लाखो वर्षे चालू आहे, पण फार संथ. दगडाची पूड किंवा क्षार समुद्रात मिसळून ते वेगाने करावे, यावर सध्या संशोधन चालू आहे. त्यात पाण्याची वाढती आम्लता कमी होण्याचाही लाभ संभवतो. परंतु दगड खणणे, दळणे व वाहून नेणे यालाही इंधन लागतेच.

समुद्रातल्या अशा कर्बठेवींच्या पावत्या काही परदेशी कंपन्यांनी विकण्यास सुरुवातही केली आहे. उद्या अशी पावती आपल्याकडे आली, तर घेणाऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात: कर्ब किती खोल गेला, तो किती वर्षे तेथे राहील, आणि हे मोजले कोणी? जग आज वर्षाला ३५ अब्ज टनांहून अधिक कर्बवायू हवेत सोडते. संशोधन अवश्य व्हावे, लोहाफेक्ससारखे उघडपणे व मोजूनमापून व्हावे. परंतु त्याच्या भरवशावर धूर कमी करण्याचे काम पुढे ढकलणे आपल्याला परवडणारे नाही. कारण त्याच समुद्रावरून आपला पाऊस येतो, आणि त्याच पावसावर खडकवासल्याचे पाणी अवलंबून आहे.