बर्फातलं पाखरू

ज्यांचं कोणी कॅनडा-अमेरिकेत आहे, त्या मैत्रिणींच्या कानावर ‘स्नोबर्ड’ हा शब्द आलाच असेल. ‘शेजारचे आजी-आजोबा स्नोबर्ड आहेत, थंडी पडली की फ्लोरिडाला जातात,’ असं तिकडे सर्रास म्हणतात. स्नोबर्ड म्हणजे बर्फातलं पाखरू. मग बर्फ टाळून पळणाऱ्यांना हे नाव कसं बरं पडलं?

मूळचा स्नोबर्ड खराखुरा पक्षी. जुंको त्याचं नाव. चिमणीएवढाच, वरून राखाडी, पोट पांढरं. उन्हाळा कॅनडाच्या जंगलात काढायचा आणि थंडीत दक्षिणेकडे अमेरिकेत यायचं, हा त्याचा नेम. तिथल्या लोकांना तो परसात दिसतो तो बर्फाच्याच दिवसांत, म्हणून बर्फाचं नाव त्याला चिकटलं. खरं तर तो बिचारा आणखी कडक थंडीतून निघून आलेला!

पक्ष्याचं नाव माणसांना लागलं, ते मात्र कौतुकानं नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काही गरीब लोक हिवाळ्याच्या तोंडावर सैन्यात भरती होत. दोन वेळचं जेवण, गरम कपडे, डोक्यावर छप्पर! वसंत आला की पसार. त्यांना म्हणत स्नोबर्ड. पुढे १९२३च्या सुमारास, हिवाळ्यात कामासाठी दक्षिणेकडे जाणाऱ्या उत्तरेच्या मजुरांनाही तेच नाव पडलं. सुखवस्तू पेन्शनरांसाठी ते रूढ झालं त्यानंतर. पोटासाठी गेला तो पळपुटा आणि उन्हासाठी गेला तो हौशी, हा न्याय काही मला पटत नाही.

अर्थात या हौशींच्या घरची बाई निवांत असते, असं समजू नका हं! दोन घरं म्हणजे दोन स्वयंपाकघरं. निघण्यापूर्वी फ्रीज रिकामा करा, औषधं बांधून घ्या. घर थंड पडणार असेल तर नळांतलं पाणीसुद्धा काढून टाकावं लागतं. गोठलं की ते फुगतं आणि नळ फुटतात. अधूनमधून घरात डोकावायला भरवशाचा शेजारी हवाच. त्यात ऑन्टारिओ प्रांताचा नियम असा, की सरकारी आरोग्यविमा टिकवायचा तर एरवी बारा महिन्यांत २१२ दिवसांपेक्षा जास्त प्रांताबाहेर राहता येत नाही. म्हणून तिथल्या या मंडळींना उन्हात बसूनही दिवस मोजावे लागतात. जुंकोला तेवढं बरं, सामान नाही की विमा नाही!