लाल बहादूर शास्त्री मार्ग (मुंबई)

लाल बहादूर शास्त्री मार्ग हा मुंबईच्या पूर्व उपनगरांतील प्रमुख दक्षिणोत्तर रस्ता आहे. शीव येथून निघणारा हा रस्ता कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड या उपनगरांच्या पश्चिम भागांतून ठाण्यास जातो. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर आहे. ‘एलबीएस मार्ग’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. ‘आग्रा रोड’ हे त्याचे पूर्वीचे नाव. भारताचे माजी पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांच्या स्मरणार्थ त्यास सध्याचे नाव देण्यात आले. दूरच्या प्रवासासाठी अस्तित्वात आलेला हा रस्ता पुढे कारखान्यांचा आणि त्यानंतर दाट लोकवस्तीचा रस्ता झाला. त्याच्या आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ या स्थित्यंतरात आहे.

मार्ग

मार्गाच्या पूर्वेस मध्य रेल्वेचा लोहमार्ग असून तो बराचसा रस्त्याला समांतर जातो. घाटकोपरपासून पुढे पश्चिमेस टेकड्यांची रांग लागते. लोहमार्ग आणि टेकड्या यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यात सलग दक्षिणोत्तर जाणारा हाच मुख्य रस्ता असल्याने टेकड्यांच्या उतारावरील वस्त्यांना रेल्वे स्थानक, बाजार किंवा रुग्णालय गाठण्यासाठी या रस्त्यावर उतरावे लागते.

उपनगरांना पूर्व-पश्चिम जोडणारे रस्तेही यास येऊन मिळतात. कुर्ला येथे सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता, घाटकोपर येथे अंधेरी–घाटकोपर जोडरस्ता, कांजूरमार्गच्या गांधीनगर येथे जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता आणि भांडुप व मुलुंड यांच्या दरम्यान गोरेगाव–मुलुंड जोडरस्ता हे त्यांतील प्रमुख होत. मुलुंड चेकनाक्यापाशी मुंबईची हद्द संपते. तेथून वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीच्या बाजूने जाऊन हा मार्ग तीन हात नाक्याजवळ पूर्व द्रुतगती महामार्गास भेटतो.

इतिहास

‘शीव’ या शब्दाचा अर्थ सीमा असा आहे. शीव हे मुंबई बेटाचे उत्तर टोक होते व त्यापलीकडे खाडी ओलांडल्यावर साष्टी बेट लागे. इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टी जिंकले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा कायम झाला. त्यानंतर दोन्ही बेटे रस्त्याने जोडण्याची निकड भासू लागली. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत (१७९५–१८११) शीव ते कुर्ला असा भराव घालून रस्ता बांधण्यात आला. त्यामुळे होडीची वाट न पाहता मुंबईहून साष्टीत जाणे शक्य झाले.

हाच रस्ता पुढे ठाणे, भिवंडी, थळ घाट आणि नाशिकमार्गे आग्र्यास जाणाऱ्या हमरस्त्याचा पहिला टप्पा ठरला. नाशिक शहरातही या हमरस्त्याचा एक भाग ‘जुना आग्रा रोड’ याच नावाने परिचित आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. रेल्वे स्थानके आणि रस्ता यांच्यामधील गावांना त्यानंतर हळूहळू उपनगरांचे रूप येऊ लागले. १९५० मध्ये मुंबईची हद्द भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत वाढवण्यात आली. त्यामुळे ठाण्याच्या अलीकडील जवळजवळ संपूर्ण रस्ता मुंबई शहरात आला.

औद्योगिक कालखंड

विसाव्या शतकाच्या मध्यास या रस्त्याच्या दुतर्फा मोठे उद्योग उभे राहिले. मोकळी जमीन, जवळचा लोहमार्ग आणि मालमोटारींना सोयीचा हमरस्ता ही त्यामागील कारणे होती. कुर्ला येथे वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना, मुकंद आणि कामानी हे धातुउद्योग, भांडुप येथे एशियन पेंट्स, तर मुलुंड येथे औषधे व आरोग्योपयोगी वस्तू बनवणाऱ्या कंपन्या होत्या. विक्रोळीत गोदरेज उद्योगसमूहाची वसाहत वसली. कामगारांच्या चाळी आणि वस्त्या कारखान्यांच्या आसपास वाढल्या. पाळी सुटण्याच्या वेळी रस्ता माणसांनी भरून जाई.

मुंबई व ठाणे यांच्यातील दूरची वाहतूक वळवण्यासाठी लोहमार्गाच्या पूर्वेस पूर्व द्रुतगती महामार्ग बांधण्यात आला. तेव्हापासून आग्रा रोडचे राष्ट्रीय हमरस्ता म्हणून असलेले महत्त्व ओसरले.

१९८० नंतर अनेक कारखाने बंद पडले किंवा मुंबईबाहेर गेले. कामानी ट्यूब्ज हा बंद पडलेला कारखाना १९८० च्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांनी स्वतः चालवण्यास घेतला. भारतातील कामगार चळवळीच्या इतिहासात या प्रयोगाची विशेष नोंद घेतली जाते. इतर बहुतेक जागांवर मात्र २००० नंतर निवासी संकुले, कार्यालये व मोठी व्यापारी संकुले आली. कुर्ल्यात प्रीमियरच्या जमिनीवर ‘कोहिनूर सिटी’ ही वसाहत उभी राहिली. कुर्ल्यातील फिनिक्स मार्केटसिटी व घाटकोपरमधील आर सिटी हे मॉलही याच मार्गावर आहेत. कारखाने गेले तरी थांब्यांची आणि चौकांची नावे राहिली. कुर्ल्यातील ‘कामानी’ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

वाहतूक आणि समस्या

कारखान्यात कामगार ठरावीक वेळी येत व जात. निवासी आणि व्यापारी संकुलांची वर्दळ दिवसभर चालते. एकाच जमिनीवरून रस्त्यावर येणाऱ्या वाहनांची संख्या त्यामुळे वाढली; रस्त्याची रुंदी मात्र सर्वत्र सारख्या प्रमाणात वाढली नाही. रुंदीकरण तुकड्यातुकड्यांनी झाल्याने रुंद भागातून आलेली वाहने पुढील अरुंद भागात अडकतात. बस थांबे, रिक्षा, उभी केलेली वाहने आणि खंडित पदपथ यांमुळे पादचाऱ्यांना अनेक ठिकाणी वाहनांच्या वाटेतून चालावे लागते. द्रुतगती महामार्गावर कोंडी झाल्यास तेथील वाहनेही इकडे वळतात.

कुर्ल्याचा भाग मिठी नदीच्या सखल पट्ट्यात येतो. तेथील शीतल सिनेमाचा परिसर पावसाळ्यात पाणी साचण्यासाठी ओळखला जातो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला व कुर्ला परिसर पाण्याखाली गेला.

मुलुंड चेकनाका हा मुंबईत प्रवेश करताना पथकर आकारल्या जाणाऱ्या पाच नाक्यांपैकी एक होय. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना या पाचही नाक्यांवर पथकर माफ करण्यात आला.

मेट्रो

८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो घाटकोपर येथे हा मार्ग ओलांडते. वडाळा–घाटकोपर–मुलुंड–कासारवडवली या मेट्रो मार्गिका ४ चे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. घाटकोपर ते मुलुंड या टप्प्यात तिचा उन्नत मार्ग प्रामुख्याने याच रस्त्यावरून नेण्यात आला आहे. बांधकामासाठी रस्त्याचा मधला भाग अडवला गेल्याने वाहतुकीस उपलब्ध जागा आणखी कमी झाली. रस्त्यावरील प्रवासी मेट्रोकडे वळवणे हा प्रकल्पाचा हेतू आहे. श्रेयस सिनेमा, गोदरेज कंपनी, सूर्यनगर, गांधीनगर, सोनापूर ही आराखड्यातील स्थानकांची नावे जुन्या आग्रा रोडवरील खुणांवरूनच घेतलेली आहेत.