चाळिशीनंतरचा सबक

कुराण पाठ करणे हे पोरवयाचे काम, ही समजूत आपल्याकडे चांगलीच मुरलेली आहे. मदरशाच्या सतरंजीवर पुढे-मागे डोलत पाठ म्हणणारी आठ-दहा वर्षांची मुले आपण पाहिलेली असतात, आणि ‘हिफ्ज’ म्हटले की तेच चित्र डोळ्यांसमोर येते. इतिहास वेगळे सांगतो. मुहम्मद पैगंबरांवर पहिला संदेश उतरला तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. पुढची 23 वर्षे कुराण थोडेथोडे उतरत राहिले. ते ऐकून मनात साठवणाऱ्या पहिल्या पिढीत व्यापारी होते, मेंढपाळ होते, मुक्त झालेले गुलाम होते, लेकुरवाळ्या बायका होत्या. हिफ्जची परंपराच मुळात प्रौढांनी सुरू केली.

या प्रौढांना घाई नव्हती. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या ग्रंथात नोंद आहे की त्याच पिढीतल्या अब्दुल्ला इब्न उमर यांना एकटी सूरह बकरा शिकायला 8 वर्षे लागली. ही कुराणातली सर्वांत लांब सूरह (अध्याय), 286 आयतींची (वचनांची), जेमतेम अडीच पारे (तीस भागांपैकी अडीच). अरबी त्यांची मातृभाषा, स्मरणशक्तीसाठी नावाजलेला तो समाज, आणि तरीही 8 वर्षे. शिकणे म्हणजे समजून घेणे आणि आचरणात आणणे हेही त्यात धरलेले होते. आज नोकरी, स्वयंपाक, लोकलचा प्रवास सांभाळून हिफ्जला बसणाऱ्या माणसाने ही नोंद जवळ ठेवावी असे मला मनापासून वाटते.

आता थोडा हिशेब. कुराणात 30 पारे, 114 सूरह आणि सर्वाधिक प्रचलित गणनेनुसार 6236 आयती आहेत. मदिनेच्या छापखान्यातली प्रत 604 पानांची, पानाला 15 ओळी. रोज एक पान पाठ केले तर वीस महिन्यांत कुराण पूर्ण होते, अर्धे पान केले तर साधारण सव्वातीन वर्षांत. रोज फक्त तीन ओळी केल्या तर आठ वर्षे आणि वर काही महिने. तीन ओळी कुणालाही जमतील. पण हा हिशेब पाठ करण्याचा झाला, टिकवण्याचा नव्हे, आणि प्रौढांचे घोडे अडते ते टिकवण्यापाशीच.

उपखंडातल्या मदरशांनी यावर जी शिस्त बसवली ती अत्यंत शहाणपणाची आहे. दिवसाचा अभ्यास तीन भागांत विभागलेला असतो. नवा धडा म्हणजे सबक. गेल्या काही दिवसांत झालेली पाने म्हणजे सबकी, आणि त्यामागचे सगळे जुने म्हणजे मंजिल. काही ठिकाणी त्याला आमुख्ता म्हणतात. तिन्ही भाग रोज उस्तादांना ऐकवायचे. जुने कच्चे निघाले तर त्या दिवशी नवा सबक मिळत नाही. घरी एकट्याने हिफ्ज करणारी मोठी माणसे इथेच चुकतात. नवे पान झाल्याचा आनंद मोठा, म्हणून सगळा वेळ सबकाला दिला जातो आणि मंजिल रविवारवर ढकलली जाते. पाच-सहा पाऱ्यांपर्यंत हे निभावते. पुढे एके दिवशी तिसरा पारा उघडावा आणि तो परका वाटावा, अशी वेळ येते. पैगंबरांनी याची कल्पना आधीच दिली होती. दावणीचा उंट सुटून जातो त्याहून लवकर कुराण मनातून निसटते, अशा आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पैगंबर स्वतः दर रमजानमध्ये जिब्रील या देवदूतासमोर उजळणी करत, अखेरच्या वर्षी ती दोनदा झाली, असे परंपरा सांगते.

तुर्कस्तानातली रीत निराळी आहे. तिथल्या प्रतीत बहुतेक पारे वीस पानांचे असतात. विद्यार्थी आधी प्रत्येक पाऱ्याचे शेवटचे पान पाठ करतो. तीस पारे फिरून आला की दुसऱ्या फेरीत शेवटून दुसरे पान, आणि नवे पान ऐकवताना त्या पाऱ्यातली आधीची पानेही जोडून म्हणतो. उजळणी नव्या धड्यातच विणलेली असल्यामुळे ती टाळताच येत नाही. ज्याला मंजिलीचा कंटाळा आहे अशा प्रौढाला मी ही रीत आधी सुचवीन.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली विस्मरणाचा आलेख मांडला. शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते, अंतराअंतराने उजळणी केली की टिकते, हे त्याने स्वतःवर प्रयोग करून दाखवले. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवले की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून पाहिलेले जास्त दिवस राहते. पुस्तक मिटून उस्तादांसमोर बसण्याच्या प्रथेमागे हीच समज आहे. पान उघडे ठेवून गुणगुणणे सुखाचे असते. पण तेवढ्याला उजळणी म्हणू नये.

मराठी, कोकणी किंवा दख्खनी बोलणाऱ्यांना एक जास्तीचा अडसर असतो. आपल्या जिभेवर सीन, साद आणि से ही तिन्ही अक्षरे ‘स’च होतात, जे, जाल, जोय, जाद यांचीही तीच गत. चुकीचा उच्चार एकदा पाठ झाला की तो सोडवणे नव्याने शिकण्यापेक्षा अवघड. म्हणून आधी काही महिने तजवीदला, म्हणजे शुद्ध उच्चाराच्या नियमांना, द्यावेत. महमूद खलील अल-हुसरी या इजिप्शियन कारींनी (पठणकारांनी) 1961 च्या सुमारास संपूर्ण कुराणाचे संथ, स्वच्छ ध्वनिमुद्रण केले. आज ते प्रत्येकाच्या फोनवर मिळते. शिकणाऱ्यासाठी त्याहून चांगला आवाज मला माहीत नाही. आणखी एक पथ्य: प्रत बदलू नये. आयत पानाच्या कोणत्या कोपऱ्यात होती, हे डोळ्यांना आठवत असते.

खरी कसोटी मात्र मुतशाबिहात आयतींची. एकमेकींशी जवळजवळ जुळणाऱ्या या आयती हाफिजाची, म्हणजे कुराण पाठ असणाऱ्याची, वाट नकळत बदलतात. मूसा आणि जादूगारांचा प्रसंग अल-आराफ, ताहा आणि अश-शुअरा या तिन्ही सूरहांत येतो. म्हणणारा एकीत शिरतो आणि कळायच्या आत दुसरीतून बाहेर पडतो. दोन ठिकाणी जादूगारांच्या तोंडी मूसांचे नाव आधी आहे, ताहामध्ये हारूनांचे. कारण ताहाच्या आयती दीर्घ ‘आ’च्या यमकावर संपतात, म्हणून मूसा शेवटी येतात. मुलांना मारू नका हा आदेश अल-अनआम आणि अल-इस्रा या दोन्हींत आहे. पहिलीत गरिबी आधीच घरात आहे, म्हणून आई-बापांच्या पोटाची हमी आधी. दुसरीत गरिबी येईल अशी भीती आहे, म्हणून मुलांची आधी. शब्दांचा क्रम तेवढ्यापुरता फिरतो. आठ वर्षांच्या मुलाला हे केवळ घोकून लक्षात ठेवावे लागते. चाळिशीतल्या माणसाला कारण समजते, आणि कारण समजले की चूक होत नाही. प्रौढांची स्मृती मंद असेल, पण अर्थ त्यांच्या बाजूने असतो. तेराव्या शतकात अलमुद्दीन सखावी यांनी अशा जुळ्या आयतींवर एक पद्यग्रंथच रचला. जाणत्या हाफिजांनाही ही अडचण किती होती, हे त्यावरून कळते.

आपल्याकडच्या घनपाठी वैदिकांनी शब्द पुढे-मागे, उलटसुलट म्हणून पाठ बांधून ठेवला. कुराणात क्रम उलटवत नाहीत. तिथे राखण करतो तो ऐकणारा. रमजानच्या रात्रीच्या तरावीह नमाजात इमाम रोज पारा-सव्वा पारा म्हणतो, मागे सामे (ऐकणारा) उभा असतो आणि अडखळले की लुक्मा देतो, म्हणजे पुढचा शब्द सुचवतो. वर्षभराची मेहनत तिथे लोकांसमोर तपासली जाते.

बायकांना ही वार्षिक परीक्षा बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि पाठ केलेले हरवण्याचा धोका त्यांना अधिक असतो. मासिक पाळीच्या दिवसांत हनफी आणि शाफई मतानुसार तिलावत (कुराणपठण) करत नाहीत. मालिकी मतात विसरण्याच्या भीतीमुळे मुखोद्गत पठणाला मुभा आहे. कोकणातली बहुतेक मुसलमान घरे शाफई आहेत. तिथे या दिवसांत ध्वनिमुद्रण ऐकणे आणि ओठ न हलवता मनात आयती फिरवणे यावर भागवावे लागते. दोघी-तिघींनी फोनवर एकमेकींची मंजिल ऐकण्याची व्यवस्था मला सर्वांत भरवशाची वाटते. आवाज ऐकून चूक दाखवणारी ॲपही आता आहेत आणि एकट्या माणसाला ती उपयोगी पडतात. पण उद्या कुणीतरी आपली वाट बघत बसणार आहे, ही जबाबदारी ॲपला जाणवून देता येत नाही.

सगळे तीस पारे झाले नाहीत तर वेळ वाया गेला, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. हिफ्ज पूर्ण झाल्यावरचा दस्तारबंदीचा सोहळा एका दिवसाचा असतो, त्यानंतरचा दौर, म्हणजे उजळणी, आयुष्यभराची. तीस पारे पक्के ठेवायचे तर रोज एक पारा म्हणून महिन्याला एक फेरी हवी, म्हणजे रोज अर्धा-पाऊण तास, ईदच्या दिवशीही. एवढा वेळ ज्याच्याकडे नाही त्याने शेवटचा पारा, यासीन, मुल्क, कहफ असे करत चार-पाच पारे निवडावेत. पाच पाऱ्यांची फेरी पाच दिवसांत पुरी होते, आणि आठवड्याचे दोन दिवस नव्या सबकाला उरतात.